चालू करायची चावी

मी माझी चिठ्ठी उघडली तर तीत ‘आत’ असं लिहिलेलं होतं.

ढोकणेने त्याची उघडली, वाचली आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. त्याला ‘बाहेर’ आली होती. परीक्षक कुरुंदवाडे साहेब पाठमोरे उभे राहून तुळशीरामने आणून ठेवलेल्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकत होते. तेवढ्या वेळात ढोकणे माझ्या कानाशी आला.

“सातपुते, बदल ना गं.”

“काय बदल?”

“चिठ्ठी. मला एक वाजता मुलगी बघायला जायचंय. आतलं काम अकरापर्यंत आटपतं. बाहेर राहिलो तर दुपारपर्यंत इथेच अडकलो मी.”

“आज? परीक्षेच्या दिवशी?”

“दिवस मामाने ठरवलाय, मी नाही. आणि तुला तरी बाहेरचंच बरं. तू एकदा आत शिरलीस की बाहेर येतेस कुठे?”

टोमणा होता, पण खोटा नव्हता. सरावाच्या दिवसांत मी आत गेले की प्रत्येक इन्सुलेटर पुसून, प्रत्येक बोल्ट हाताने चाचपून, प्रक्षेपणाच्या अगदी तोंडावर घामाघूम होऊन बाहेर यायची. “सातपुतेबाईंना आत सोडलं की दिवाळीची साफसफाई निघते,” असं आमचे केंद्रप्रमुख निमोणकर साहेब सगळ्यांच्या देखत म्हणायचे आणि सगळे फिदीफिदी हसायचे.

मी हो म्हणायच्या आत ढोकणेने माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि त्याची माझ्या हातात कोंबली. कुरुंदवाडे साहेब वळले.

“आत कोण?”

“मी, सर,” ढोकणे म्हणाला.

“आणि बाहेर?”

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी आमची नावं लिहून घेतली. झालं.

या गोष्टीला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. रेडिओचं ते प्रक्षेपण केंद्र मराठवाड्यात, गावाबाहेर कापसाच्या रानात होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतले दोघे-तिघे अजून पेन्शन खात आहेत. स्टुडिओ गावात होता. तिथे बोललेलं, गायलेलं तारेवरून आमच्याकडे यायचं आणि आम्ही ते उंच मनोऱ्यावरून चार जिल्ह्यांना ऐकवायचो. ढोकणे आणि मी दोघं तिथे अभियांत्रिकी सहाय्यक होतो. एकट्याने पाळी सांभाळायची तर मुख्यालयाचं प्रमाणपत्र लागायचं आणि त्यासाठी परीक्षक येऊन खऱ्या यंत्रावर प्रात्यक्षिक घ्यायचे. सकाळचं प्रक्षेपण संपलं की दुपारच्या प्रक्षेपणापर्यंत यंत्र बंद असे. त्या अवधीत एकाने आत जाऊन यंत्राची देखभाल करायची आणि परीक्षकांनी मुद्दाम ढिला करून ठेवलेला जोड शोधून काढायचा. दुसऱ्याने बाहेर पॅनेलवर बसायचं आणि बाराच्या ठोक्याला केंद्र हवेत आणायचं, म्हणजे प्रक्षेपण सुरू करायचं.

माझी ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी मी यंत्र वेळेत उभं करू शकले नाही, बाकीचे गुणही तोकडे पडले आणि नापास झाले. दुसऱ्यांदा नापास झालेल्या माणसाला पाळीवरून काढून भांडारात पाठवत. भांडार म्हणजे वायरींची भेंडोळी मोजत निवृत्त होणं. शिवाय मी त्या केंद्रातली पहिली बाई. मी नापास झाले तर पुढच्या दहा बायकांना कोणी प्रक्षेपकाच्या आसपास फिरकू देणार नव्हतं, हे मला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं, पण चहाच्या टेबलावर मी आले की जो विषय बदलायचा तो हाच असायचा.

ढोकणेने पॅनेलमधून चावी काढली. एका कड्यात दोन चाव्या होत्या. पितळी चावी पॅनेलची, लोखंडी चावी दाराची. पॅनेलची चावी काढली की यंत्राच्या मागच्या खोलीतला विजेचा मोठा दाब बंद होई आणि ती चावी परत बसवल्याशिवाय कोणी कितीही बटणं दाबली तरी तो चालू होत नसे. म्हणून नियम असा की आत जाणाऱ्याने ते कडं स्वतःच्या खिशात घालून आत जायचं. साहेबाकडे द्यायचं नाही, मित्राकडे द्यायचं नाही, टेबलावर ठेवायचं नाही. त्या खोलीत हजारो व्होल्टचा कारभार. तिथे ‘चुकून’ या शब्दाला दुसरी संधी नव्हती.

नियम चांगला होता, पण त्यातून आमच्या धंद्यातला एक खास विसरभोळेपणा निपजला होता. माणसं काम संपवून बाहेर येत आणि चावी खिशात तशीच घेऊन घरी जात. एकदा तर ते कडं एका ऑपरेटरच्या पँटच्या खिशात बसून नांदेडला लग्नाला जाऊन आलं होतं आणि इकडे सकाळचं प्रक्षेपण दीड तास मुकं. त्याबद्दल निमोणकर साहेबांना वरून खरमरीत पत्र आलं होतं. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं.

ढोकणे आत गेला. पोलादी दार स्प्रिंगने आपोआप मिटलं आणि खटका पडला.

अकराच्या सुमाराला मी यंत्राच्या दिव्यांना, म्हणजे आतल्या मोठाल्या व्हॉल्व्हना, हळूहळू तापवायला घेतलं. त्यांना थंड ठेवणारा पंखा सुरू केला. त्या पंख्याचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. एकेका काट्यावर नजर ठेवत मी आकडे लिहीत होते. एकही आकडा चुकत नव्हता. कुरुंदवाडे साहेब मागे खुर्चीत बसून पाहत होते. परीक्षकाने परीक्षेत बोलायचं नसतं, आणि ते तर एरवीही न बोलणाऱ्यांतले असावेत. मध्ये एकदा चहा प्यायला ऑफिसात जाऊन आले, तेवढंच.

पावणेबाराला माझ्या बाजूचं सगळं तयार झालं. राहिली होती फक्त चावी. पॅनेलवरचं तिचं भोक रिकामं होतं.

मी दाराकडे पाहिलं. दार बंद.

ढोकणे अकराला बाहेर येणार होता. आला कसा नाही? की येऊन गेला? मी पॅनेलसमोर बसले की दार माझ्या पाठीमागे, खांबाआड येई. तो आला असता तर आवाज आला नसता, कारण पंखा चालू होता. पण काम संपलं की चावी पॅनेलवाल्याच्या हातात देऊन ‘बाहेर आलो’ असं सांगायचं असतं. ते त्याने केलं नव्हतं.

मी उठून दारापाशी गेले. दाराला वहीएवढी काच होती. तिच्यातून पुढचा ट्रान्सफॉर्मर दिसला. त्यामागची बाजू त्या काचेतून कधीच दिसत नसे, आणि सगळं काम त्या मागच्या बाजूला. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. “ढोकणे! अरे ए ढोकणे!” माझा आवाज माझ्या मलाच ऐकू येईना.

“काय झालं?” निमोणकर साहेब आले. त्या दिवशी त्यांनी टाय लावला होता. बाराला धरणाच्या नव्या कालव्यात पाणी सोडण्याचा समारंभ होता आणि त्याचं धावतं वर्णन थेट जाणार होतं. कलेक्टर साहेबांनी स्वतः फोन करून वेळ सांगितली होती. साहेब सकाळपासून चटके बसल्यासारखे इकडून तिकडे फिरत होते.

“साहेब, चावी नाहीये. ढोकणे अजून आत आहे.”

“छे! तो कधीच गेला. माळ्याने पाहिलाय त्याला फाट्याकडे जाताना.”

“माळ्याने ढोकणेलाच पाहिलं?”

“पांढरा शर्ट घातलेला माणूस गेला म्हणाला. इथे पांढरे शर्ट घालून आणखी कोण हिंडतंय?”

“ढोकणे खाकी घालून आत गेला होता, साहेब.”

“मग बदलला असेल! मुलगी बघायला जातोय तो, खाकीत जाईल का? गावभर सांगत फिरत होता. नेहमीसारखी चावी खिशात घालून गेला, दुसरं काय!” त्यांनी घड्याळ पाहिलं. “तुळशीराम! सायकल काढ. फाट्यावर जा, ढोकणे आहे का बघ, असला तर मुसक्या बांधून आण.”

आमचा मदतनीस तुळशीराम पन्नाशीचा होता. सायकलवर टांग टाकताना म्हणाला, “सायेब, यस्टी गेली आसंल तर मंग?”

“गेली असेल तर काय, तू जा तर खरा!”

तो गेला. फाटा लांब, रस्ता खड्ड्यांचा. बाराच्या आत तो परत येणं शक्य नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

साहेब ऑफिसात गेले आणि लगेच परतले. त्यांच्या हातात एक पितळी चावी होती. नवी कोरी, चकचकीत.

“घ्या.”

मी पाहतच राहिले. “ही कुठली?”

“मी करून घेतली. नांदेडच्या भानगडीनंतर. बसवा आणि करा चालू.”

“याच्याबरोबर दाराची आहे का?”

“दाराची कशाला?”

“दार उघडून पाहते.”

“दाराची नाही केली,” साहेब म्हणाले. “प्रक्षेपण चालू करायला दाराची चावी कुठे लागते?”

चालू करायची चावी त्यांनी करून घेतली होती. दार उघडायची करून घ्यावी असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

मी चावी हातात घेतली नाही. माझे हात पदराआड गेले होते, कधी गेले कोण जाणे.

“सातपुतेबाई, ऐकलंत का? बाराला पाच कमी आहेत.”

“साहेब, तो आत असेल तर?”

“आत असता तर आतापर्यंत बाहेर आला नसता का? प्रक्षेपणाची वेळ त्याला माहीत नाही?”

“चक्कर येऊन पडला असेल. मागच्या बाजूला असेल. घड्याळ बंद पडलं असेल त्याचं.”

“आणि कालव्यात वाहून गेला असेल!” साहेब ओरडले. “बाई, मी या केंद्राचा प्रमुख आहे. मी जबाबदारी घेतोय. तुम्ही फक्त चावी फिरवायची.”

मी कुरुंदवाडे साहेबांकडे पाहिलं. एक शब्द, मानेचा एक इशारा, काहीतरी मिळेल म्हणून. ते घड्याळाकडे पाहत होते. त्यांच्या गुडघ्यावर माझा गुणांचा कागद होता. वेळेवर प्रक्षेपण, या रकान्यावर मागच्या वेळी मी आडवी झाले होते.

खोटं कशाला सांगू, साहेब म्हणत होते ते मला पटत होतं. ढोकणेला मी ओळखत होते. अकरापर्यंत कसंबसं उरकून, शर्ट बदलून, केसांना तेल चोपडून तो फाट्यावर उभा असणार. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तसंच असणार. पण उरलेल्या एका वेळेला तो त्या पोलादी दाराआड ओणवा होऊन बोल्ट आवळत असणार होता, आणि चावी फिरवणारा हात माझा असणार होता.

“नाही फिरवणार, साहेब,” मी म्हटलं.

“काय?”

“तो डोळ्यांना दिसल्याशिवाय मी चालू करणार नाही.”

“मग सरका. मी करतो.”

मी पॅनेलसमोरून हलले नाही. मी पाच फूट उंचीची, ते सहा फुटी. त्यांनी मला बाजूला करायचं म्हटलं असतं तर एका हाताने केलं असतं. पण बाईमाणसाला हात कसा लावायचा, या विचाराने ते थबकले. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मला त्या संकोचाचा फायदा झाला.

“प्रात्यक्षिक चालू असेपर्यंत पॅनेल माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “तसा नियम आहे. नापास करायचं तर करा.”

बारा वाजले.

पॅनेलवर एक साधा रेडिओ ठेवलेला असे, आमचंच केंद्र ऐकायला. त्यातून नुसती खरखर येत होती. चार जिल्ह्यांत रेडिओ लावून बसलेल्या लोकांना तीच खरखर ऐकू जात होती. फोन वाजला. स्टुडिओतून होता. साहेबांनी उचलला, “हो, हो, तांत्रिक बिघाड आहे, होतंय,” म्हणाले आणि आपटला. तो पुन्हा वाजला. त्यांनी पुन्हा उचलला आणि या वेळी उभ्याउभ्याच ‘सर, सर’ करू लागले. त्यांच्या कपाळावरून घाम टायवर टपकत होता. मला त्यांची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त आली. भांडारातली वायरींची भेंडोळी मला डोळ्यांसमोर दिसू लागली.

फोन ठेवून साहेब माझ्याजवळ आले आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, माझी दोन वर्षं राहिलीत हो नोकरीची.”

रागाला मी तोंड दिलं होतं. ही विनवणी होती. मी नुसती नाही अशी मान हलवली.

बाहेर सायकलची घंटा वाजली. एकसारखी, वेड्यासारखी वाजत होती. मागोमाग तुळशीराम आत शिरला, धापा टाकत. “घावला, सायेब! यस्टी कव्हाचीच यायची ऱ्हायली व्हती, म्हून घावला!”

त्याच्यामागून ढोकणे. पांढराशुभ्र शर्ट, तेल लावून चापून बसवलेला भांग, हातात पिशवी. पिशवीतून त्याने खाकी पँट उपसली आणि तिच्या खिशातून ते कडं काढलं. दोन चाव्या.

“बघा!” साहेब जवळजवळ किंचाळले. “बघा! फाट्यावर होता! काय सांगत होतो मी?”

ढोकणे कुरुंदवाडे साहेबांकडे वळला. “सर, बाहेर आलो तेव्हा तुम्ही चहाला गेला होता, ही पाठमोरी आकडे लिहीत होती, म्हटलं कशाला… चुकलो, सर.”

मी त्याच्या हातातून कडं घेतलं. पितळी चावी पॅनेलमध्ये घालायची, फिरवायची, झालं. माणूस समोर उभा होता, चावी हातात होती. आता कसलीच हरकत उरली नव्हती.

मी वळले आणि लोखंडी चावीने पोलादी दार उघडलं.

“आता काय?” साहेबांनी कपाळावर हात मारला.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं: दार लावण्यापूर्वी आत डोकावून, आत गेलेल्या माणसाचं नाव घेऊन हाक मारायची. वर्गात सगळे हसले होते. केंद्रावर ते कोणी करत नसे. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, “ढोकणे, बाहेर या!”

“अहो, तो इथे उभाय!” साहेब म्हणाले. तुळशीराम तोंडावर हात ठेवून हसला. ढोकणेसुद्धा कसनुसं हसला आणि म्हणाला, “आलो गं, आलो.”

मी आत गेले, ट्रान्सफॉर्मरच्या मागे जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. झाडलेली फरशी, पुसलेले इन्सुलेटर, खुंटीला टांगलेली अर्थिंगची तार. मी बाहेर आले, दार लावलं, चावी बसवली, फिरवली. काटे चढले. खरखर थांबली आणि रेडिओतून माणसाचा आवाज आला. तो म्हणत होता की, पाणी आता कालव्याच्या दुसऱ्या दरवाजापाशी पोचलं आहे.

पाणी सोडून झालेलं होतं. आम्ही अकरा मिनिटं उशिरा होतो.

माझ्या जागी पाळीवरच्या दुसऱ्या ऑपरेटरला पॅनेलवर बसवून निमोणकर साहेबांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर ती नवी पितळी चावी तशीच पडली होती. कुरुंदवाडे साहेबांनी खुर्ची ओढली.

“मी लेखी तक्रार देणार,” निमोणकर साहेब म्हणाले. “वरिष्ठांचा हुकूम मोडला. अकरा मिनिटं केंद्र बंद ठेवलं. आणि कशासाठी? रिकाम्या खोलीसाठी!”

कुरुंदवाडे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “सातपुते, खोली रिकामी होती. मग तुम्ही थांबलात ते चुकलं का?”

“रिकामी होती हे मला आता कळलं, सर. तेव्हा माहीत नव्हतं.”

“हं.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मला गप्प राहवेना. “सर, मी त्यांची चावी घेतली असती तर तुम्ही थांबवलं असतं मला?”

त्यांनी कागदावरून नजर वर केली. मग म्हणाले, “नसतं थांबवलं. ढोकणे गेला, हे मीही धरूनच चाललो होतो. खरं तर ती दुसरी चावी दिसली तेव्हाच मी खुर्चीतून उठायला हवं होतं.” ते निमोणकर साहेबांकडे वळले. “तुम्ही तक्रार द्या. मी या चावीबद्दल लिहितो. दोन्ही कागद बरोबरच जाऊ देत वर.”

साहेब काही बोलणार, तेवढ्यात ढोकणे म्हणाला, “सर, मला एक सांगायचंय.”

तो दाराशी उभा होता. एवढा वेळ त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

“तुमची मुलगी गेली, ढोकणे, आता काय सांगणार?” साहेब म्हणाले.

“चिठ्ठी माझी बाहेरची होती, सर. आतली हिची. मी बदलून घेतली.”

कुरुंदवाडे साहेबांचं पेन थांबलं.

“मी मघापासून तोच विचार करतोय,” ढोकणे म्हणाला. “बदलली नसती तर मी असतो पॅनेलवर. चावी नाही म्हणून साहेब ही नवी चावी घेऊन आले असते. ‘सातपुतेबाई कधीच गेल्या, बसव,’ म्हणाले असते. आणि मी बसवली असती, सर. मला एक वाजता पोचायचं होतं. मी विचारलंसुद्धा नसतं.” तो माझ्याकडे वळला. “आणि ही तर गेलेली नसती. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे हिचं काम. बारा वाजत आले तरी ही मागच्या बाजूला बोल्ट चाचपत बसलेली असती.”

भिंतीपलीकडे पंखा घरघरत होता.

मी खुर्चीचा हात धरला आणि बसले. मघापासून ढोकणेसाठी, ढोकणेसाठी म्हणून मी घसा फोडत होते. त्या खोलीत मी स्वतःला एकदाही पाहिलं नव्हतं. आता दिसले. खाकी कोट, डोक्याला रुमाल, ओणवी, दाराकडे पाठ.

निमोणकर साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते. त्यांनी टाय सैल केला, टेबलावरची पितळी चावी उचलली आणि म्हणाले, “तुळशीराम, करवत आण. लोखंड कापायची.”

तुळशीरामने आणली. साहेबांनी ती चावी स्वतः, आपल्या हाताने, टेबलाच्या कडेला दाबून धरून कापली. पितळ मऊ, पण त्यांना या कामाची सवय नव्हती म्हणून वेळ लागला. तक्रार त्यांनी दिली नाही. कुरुंदवाडे साहेबांनी मात्र त्यांचा कागद वर पाठवला आणि पाठवणार असल्याचं तोंडावर सांगूनच पाठवला.

वेळेच्या रकान्यात मला शून्य मिळालं. बाकीच्या रकान्यांनी कसंबसं तारलं आणि मी काठावर पास झाले. ढोकणे नापास झाला. पुढल्या वर्षी पुन्हा बसला आणि पास झाला. ती मुलगी त्याला मिळाली नाही, दुसरी मिळाली, चांगली मिळाली. त्याच्या लग्नात निमोणकर साहेब मला म्हणाले, “बाई, जेवण झालं का?” एवढंच. पण पानावरून उठून माझ्यासाठी खुर्ची त्यांनी स्वतः आणली.

पुढे मी प्रशिक्षण देऊ लागले. आता यंत्रं लहान झाली आहेत, पण जुन्या केंद्रांवर पोलादी दारांच्या खोल्या अजून आहेत आणि मी मुलामुलींना तिथे नेते. दार लावण्यापूर्वी आत गेलेल्याच्या नावाने हाक मारावी, असं पुस्तकात आहे. ती मारायला लावतेच. मग दुसरी हाक त्यांना स्वतःच्या नावाने मारायला सांगते. पोरं हसतात, कोपरं मारतात एकमेकांना. मी हसू देते.

पहिल्यांदा मीच मारून दाखवते. उंबऱ्यावर उभी राहते, पंख्याच्या वर आवाज चढवते आणि ओरडते, “सातपुते, बाहेर या!”

मग मागच्या बाजूला जाऊन बघते. आत कोणी नसतं. मी दार लावते.